मनगटावरचं हिरवं कडं

"पाणी पाणी माझ्या सये, किती गं तू खोल,
हातावरच्या घड्याळा, वेळ माझी बोल."

धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ती हे गुणगुणायची. दुसरी ओळ संपता संपता पाण्यात असायची. आवाज काही मोठा नव्हता, एखाद्या बोटीचं इंजिन सुरू झालं की त्यात विरून जायचा. तरी तेरा वर्षांनी, पॉलिशचं चाक थांबवल्यावर मागे जी शांतता उरते तिच्यात, आरसेकाकांना तो अजून ऐकू यायचा.

आरसेकाका हे त्यांना बाजाराने दिलेलं नाव. ते घड्याळाच्या डब्या करत. डबी म्हणजे ज्या धातूच्या अंगात घड्याळाचं यंत्र बसतं ते अंग. थोरली बहीण लेथवर डबी कातून द्यायची आणि काका ती घासून, उजळून पुरी करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या स्टीलमध्ये बघून माणसाने भांग पाडावा, अशी त्यांची ख्याती. बायको बंदरात बुडी मारायचं काम करायची. जहाजांचे तळ तपासायचे, पंख्यात गुरफटलेले दोर कापायचे. तिच्यासाठी काकांनी ब्राँझची डबी केली होती, पाठीच्या झाकणासकट सगळी ब्राँझची. नऊ वर्षं ती डबी तिच्याबरोबर पाण्यात गेली आणि वर आली. दर वर्षी एकदा काका तिचं झाकण उघडायचे, पाणी अडवणारी रबरी कडी बदलायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने एक बारीक रेघ ओढायचे. घड्याळवाल्यांची ही जुनी सवय. उघडलं त्याची खूण.

मग एका वर्षी ताप आला. पाण्यात नाही, कोरड्या खोलीत, दवाखान्याच्या खाटेवर आठ दिवसांत ती गेली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आईने तिचं लाडाचं नाव चिंगळी ठेवलेलं, बारक्या कोळंबीसारखी एवढीशी, वाकडीतिकडी, हातात न ठरणारी म्हणून.

आणि आता ती चिंगळी चोवीस वर्षांची, बुडी मारायचं शिक्षण पुरं केलेली, पुढल्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच बंदरात कामावर रुजू होणारी, बापाच्या कामाच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मला घड्याळ करून द्या."

"तुम्ही लोक आता मनगटावर संगणक बांधता ना?"

"बांधतो. तो बंद पडला तर? मुकादम म्हणाले, काट्यांचं घड्याळ सोबत हवंच. आणि घरात डब्या होत असताना मी दुकानातून विकत आणलं तर बंदर हसेल मला."

"हसू दे," लेथमागून आत्या म्हणाली. "हसणाऱ्यांचे दात तुझा बाप पॉलिश करून देईल."

काकांनी हात पुसले. आतून त्यांना बरं वाटलं होतं, पण ते तोंडावर येऊ देण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी फळीवरून नमुन्यांची लाकडी पेटी काढली आणि तिच्यातल्या तीन चकत्या टेबलावर मांडल्या. एकेक चकती रुपयाहून थोडी मोठी.

"ही उचल. हे स्टील, समुद्राचं. जड आहे, पण भरवशाचं. ओरखडा पडला तर माझ्याकडे ये, पुन्हा नवं करून देतो. आणि हे टायटॅनियम."

चिंगळीने दुसरी चकती तळव्यावर घेतली. "आहे की नाही हातात, कळतच नाही."

"तेच तर. गंजत नाही, कातडीला त्रास नाही, थंड लागत नाही. तुझ्यासाठी हेच. वर काचेच्या बारीक मण्यांचा मारा करू, राखेसारखं मंद दिसेल. पाण्याखाली चकाकी नको. चकाकलं की दातवाले मासे चौकशीला येतात."

"आरश्या," आत्याने लेथ बंद केला, "तू आणि मंद दिसेल? दुपारपर्यंत आभाळ खाली येणार म्हणायचं."

चिंगळी हसली. तिचं बोट मात्र तिसऱ्या चकतीवर गेलं होतं. मधासारखी पिवळी, वासालाही किंचित गोड.

"मला हे हवं."

काकांनी ती चकती उचलून पेटीत ठेवली. "ब्राँझ नको."

"का नको?"

"एका जागी राहत नाही ते. आज पिवळं, आठवड्याने तपकिरी, महिन्याने काळं. खारं पाणी लागलं की हिरवं. मनगट रंगवून टाकतं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "आई घरी आली की मोरीत साबण लावून मनगट धुवायची. मी बाजूला पाट टाकून बसायचे. हिरवं कडं असायचं तिच्या हातावर. ती म्हणायची, बघ, समुद्राने बांगडी भरली. मला तेच हवंय बाबा. पाठीच्या झाकणासकट."

आत्याने लेथ पुन्हा सुरू केला, जरा जास्तच जोरात.

काकांनी उरलेल्या दोन चकत्याही पेटीत टाकल्या. त्यांच्या टेबलाला तीन कप्पे होते. तळच्या कप्प्यात, हवा लागू नये म्हणून मेणाचा हात देऊन मऊ कातड्यात गुंडाळलेली, एक ब्राँझची डबी तेरा वर्षं पडून होती. चिंगळीला ठाऊक होतं ते एवढंच, की आईचं घड्याळ दवाखान्यात हरवलं. अकराव्या वर्षी तिने विचारलं होतं आणि बापाने तसं सांगितलं होतं.

"ते घड्याळ असतं तर तेच घातलं असतं," चिंगळी म्हणाली. "नाहीये, तर निदान तसं करून द्या. तोच आकार, तोच रंग. जुना रंग लवकर आणायची युक्ती असते ना?"

"असते," काका म्हणाले, आणि लगेच वाटलं, नाही म्हणायला हवं होतं.

ती गेल्यावर आत्या चहाचे दोन कप घेऊन आली. एक त्यांच्या पुढ्यात ठेवला, दुसरा हातात धरून स्टुलावर बसली. खालच्या कप्प्याकडे नुसती हनुवटी केली.

"कधी सांगणार?"

"काय सांगू, अक्का? असं घासलं, तसं घासलं?"

"तेच सांग. जे झालं ते."

झालं होतं ते असं. दवाखान्यातून एक पाकीट मिळालं होतं. त्यात कंगवा, केसांच्या दोन पिना आणि घड्याळ. चौथ्या दिवशी काकांनी कारखाना उघडला. घरी बसवत नव्हतं आणि हातांना दुसरं काही येत नव्हतं. घड्याळ समोर ठेवलं. पट्टा जिथे अडकतो त्या कानाच्या खाचेत मीठ साचलं होतं. तेवढं काढावं म्हणून ब्रश लावला. खाच साफ झाली, तर तो कान उजळ दिसला. एक कान उजळला की दुसरा मळका वाटतो, पॉलिशवाल्याच्या डोळ्याला ते सहन होत नाही. म्हणून दुसरा. मग बाजू. मग यंत्र बाहेर काढून नुसती डबी चाकावर धरली, पॉलिशची लाल वडी लावली, आणि चाकाचा आवाज सुरू झाला तसं डोक्यातलं सगळं थांबलं. किती दिवसांनी थांबलं होतं. दुपार कधी झाली कळलं नाही. चाक बंद केलं तेव्हा हातात एक कोरी, लखलखीत डबी होती, आणि तिच्यात त्यांचं स्वतःचं तोंड दिसत होतं.

नऊ वर्षांचा समुद्र. तिच्या घामाचा तपकिरी, दोरांचे ओरखडे, लोखंडी शिडीवर आपटल्याची एक खोक. सगळं चाकाच्या खाली काळ्या पिठासारखं पडलं होतं. त्यांनी ते झाडूने गोळा केलं. नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं की त्या पिठाचं पुढे काय केलं. आठवलं नाही.

"पोरगी विचारत आली तेव्हाच दाखवायचं होतंस," आत्या म्हणाली.

"तिने हात पुढे केला होता, अक्का. आईचं घड्याळ दे म्हणून. त्या हातावर काय ठेवणार होतो मी? आरसा?"

आत्याने चहा संपवला. "मी काही बोलणार नाही. तुझं तू बोल. पण तिला खोटा रंग करून देशील आणि वर गप्प बसशील, तर माझ्या लेथची चावी मी घेऊन जाईन. मग कात डब्या दातांनी."

दुसऱ्या दिवशी आत्याने ब्राँझचा दांडा लेथवर चढवला. जुनी मापं तिला तोंडपाठ होती. आणि काका रंगाच्या मागे लागले.

आधी नुसत्या चकत्यांवर. उकडलेली अंडी सोलून, कुस्करून, झाकणाच्या बरणीत घालायची आणि चकती त्यांच्यावर टांगून ठेवायची. त्या वाफेने ब्राँझ तपकिरी होतं. दुसऱ्या बरणीत व्हिनेगर आणि मीठ, त्याने हिरवं. दोन दिवसांत कारखान्याचा वास असा झाला की टपालवाला उंबऱ्यावरूनच पाकीट फेकून गेला.

"घड्याळं करतो म्हणून सांगायचं की खानावळ काढली म्हणून?" आत्या नाकाला पदर लावून म्हणाली. "आणि खानावळ म्हटलं तर ही अंडी कोणाच्या घशाखाली उतरणार आहेत?"

चिंगळी संध्याकाळी यायची. काका चकती दाखवायचे. ती खिडकीपाशी नेऊन वळवून वळवून बघायची.

पहिली बघून म्हणाली, "फार एकसारखं आहे. रंग दिल्यासारखं."

दुसरी बघून म्हणाली, "हिरवं जास्त झालं. आईचं असं बुरशी आल्यासारखं नव्हतं. खाचांत हिरवं होतं, उघड्या जागी नव्हतं."

"एवढं आठवतं तुला?"

"मला आईचा चेहरा कधी कधी नीट आठवत नाही, बाबा," ती साधेपणाने म्हणाली. "फोटो आठवतो. पण तिचा हात आठवतो. माझी वेणी घालताना तो हात इथे असायचा, कानाशी. घड्याळ दिसायचं तेवढं."

काकांनी चकती परत घेतली. "उद्या बघू," म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी बरण्यांवर अवलंबून राहणं सोडलं. आत्याने कातलेली डबी समोर घेतली, डोळे मिटले आणि आठवत बसले. चिंगळीला आठवत होतं त्याहून त्यांना जास्त आठवत होतं. नऊच्या बाजूला काळपट, कारण तिथे ओली बाही चिकटून असायची. सहाच्या बाजूला लालसर तपकिरी. डाव्या वरच्या कानाच्या मागे हिरवा ठिपका, तिथे साबण पोचायचा नाही. आणि तीनच्या बाजूला, चावीच्या जरा खाली, एक उजळ जागा. तिथे काही साचतच नसे. विचार करताना, वाट बघताना, पाण्यात शिरायच्या आधी, बायको तिथे अंगठा फिरवायची. नऊ वर्षं फिरवला होता.

वाफ, मीठ, कोरडं फडकं, पुन्हा वाफ. बारीक ब्रशने एकेक खाच. शेवटी उजळ जागा. ती चाकावर करता येणार नव्हती, चाकाची उजळी सपाट येते. म्हणून काका तीन दिवस टेबलाशी बसून आपल्या अंगठ्याने घासत राहिले. लोक डबी न्यायला आले तर एका हाताने देत, दुसरा अंगठा चालूच. आत्या जाता येता बघत होती. एकदा नुसती त्यांच्या अंगठ्याला लावायला तेलाची वाटी ठेवून गेली.

शनिवारी दुपारी चिंगळी आली. सोमवारी कामाचा पहिला दिवस. काकांनी डबी फडक्यावर ठेवून पुढे सरकवली. यंत्र, काच, फिरती रिंग, सगळं बसवलेलं. फक्त पट्टा घालायचा होता.

तिने ती उचलली. खिडकीपाशी गेली नाही. होती तिथेच उभी राहिली आणि तिचा अंगठा, कोणी न सांगता, तीनच्या बाजूला त्या उजळ जागेवर गेला.

लेथ बंद होता. चाक बंद होतं. रस्त्यावरून कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हेच," चिंगळी म्हणाली. तिचा आवाज अकरा वर्षांचा झाला होता. "बाबा, हेच. हे तुम्ही कसं केलंत?"

काकांना वाटत होतं की या क्षणी आपल्याला हलकं वाटेल. तेरा वर्षांनी परत दिलं, फिटलं. पण ते बघत होते की त्यांच्या मुलीचा अंगठा फिरतोय तो त्यांच्याच अंगठ्याने केलेल्या जागेवर. तिच्या आईचा तिथे स्पर्शही नव्हता. होती ती बापाच्या हाताची सफाई. सोमवारी ती हे घालून पाण्यात जाईल, धक्क्यावरच्या माणसांना सांगेल, आईच्यासारखं आहे. आणि जन्मभर एका सुंदर खोट्यावर अंगठा फिरवत राहील.

"बस," ते म्हणाले.

"काय झालं?"

"बस जरा."

ती बसली. तेवढ्यात आत्या उठली, म्हणाली, "मी जरा बाहेर उभी राहते, अंड्यांचा वास डोक्यात गेला." अंडी कालच टाकून झाली होती. दार तिने अर्धंच ओढून घेतलं.

काकांनी खाली वाकून तळचा कप्पा ओढला. तो अडकला. पुन्हा ओढला. मऊ कातड्याची पुरचुंडी टेबलावर ठेवली आणि सोडली.

खिडकीचा उजेड त्या डबीवर पडून छताला जाऊन लागला. कुठे डाग नाही, रेघ नाही, सावलीसुद्धा नाही. चिंगळीने वाकून बघितलं तर त्यात तिचा चेहरा दिसला, कडेला थोडा ओढलेला.

"ही दुसरी कधी केलीत?" तिने विचारलं. "ही पण ब्राँझचीच? बाबा, पण चकाकणारी नको म्हणालात ना तुम्हीच?"

काकांनी हत्याराने पाठीचं झाकण फिरवलं. उघडून, उलटं करून तिच्या तळव्यावर ठेवलं. झाकणाच्या आतली बाजू मंद होती, तपकिरी, घासलेली नव्हती. तिथे एकाखाली एक बारीक रेघा होत्या. चिंगळीने नखाने मोजल्या. नऊ.

तिने वर पाहिलं. तिच्या एका हातात नवी डबी होती, जुनी दिसणारी. दुसऱ्या हातात जुन्या डबीचं झाकण, आणि समोर टेबलावर ती डबी, नवी दिसणारी. काकांनी तिच्याकडे बघायचं म्हणून बघितलं आणि मग बघत राहिले.

"दवाखान्यात काही हरवलं नव्हतं, पोरी. ही तुझ्या आईची आहे. त्यांनी मला पाकिटात घालून दिली होती, जशी होती तशी, हिरवी, काळी, तिच्या अंगठ्याची जागा असलेली. ती मी घासली. कोणी सांगितलं नव्हतं. मला फक्त खाचेतलं मीठ काढायचं होतं, आणि मला थांबता आलं नाही. चाक चालू होतं तोवर ती गेलीय हे आठवत नव्हतं, म्हणून मी चालूच ठेवलं. आणि बंद केलं तेव्हा तिचं काहीच उरलं नव्हतं त्याच्यावर. तू मागायला आलीस, मला लाज वाटली, मी हरवलं म्हणालो. तुझ्या हातात आहे तो रंग माझा आहे, तिचा नाही. तिचा मी पुसला. आतल्या बाजूला तेवढा हात लावला नाही. या नऊ रेघा खऱ्या आहेत. मापं तीच आहेत, हे झाकण तुझ्या डबीला बसेल. दहावी तुझी ओढेन म्हणतो, तू ओढू देशील तर."